मार्गारेट बोफर्ट, ट्यूडर घराण्याची राजमाता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्गारेट बोफर्ट नेमकी कोण?

इंग्लंडच्या सातव्या हेन्रीची आई, आठव्या हेन्रीची आजी आणि पहिल्या एलिझाबेथची पणजी. जन्म 31 मे 1443 रोजी, बेडफर्डशरमधल्या ब्लेट्सो इथे. मृत्यू 29 जून 1509 रोजी, वेस्टमिन्स्टरमध्ये. तिच्या हयातीत इंग्लंडच्या गादीवर सहा राजे बसले आणि त्यांतले दोघे तर मध्येच पायउतार होऊन पुन्हा बसले. लँकेस्टर आणि यॉर्क या एकाच राजघराण्याच्या दोन शाखांमधली भाऊबंदकी चालू होती. पुढे तिला 'गुलाबांची युद्धं' असं नाव पडलं.

टीव्हीवरच्या मालिकांमुळे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जपमाळ ओढत कट रचणारी खाष्ट सासू उभी राहते. तिच्या पाठीराख्यांच्या लेखी ती जवळपास संतच होती. मला विचाराल तर तिला ओळखायचं असेल तर तिचे करार, इच्छापत्रं आणि हिशेबाची बाडं बघावीत. जमीन, हक्क आणि कागद यांची इतकी पक्की जाण असलेला माणूस त्या काळच्या उमरावांत विरळाच.

बोफर्ट घराण्यावर 'अनौरस' असा शिक्का का होता?

तिसऱ्या एडवर्डचा मुलगा आणि लँकेस्टर शाखेचा मूळपुरुष जॉन ऑफ गाँट याचे कॅथरिन स्विनफर्डशी संबंध होते. ही कॅथरिन त्याच्या मुलींचा सांभाळ करायची. दोघांना चार मुलं झाली, तेच बोफर्ट घराणं, आणि त्यांनी लग्न केलं ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, 1396 मध्ये. पोपने या मुलांना औरस ठरवलं, 1397 मध्ये पार्लमेंटनेही मान्यता दिली. पण 1407 मध्ये चौथ्या हेन्रीने, म्हणजे त्यांच्याच सावत्र भावाने, त्या सनदेत एक पुस्ती जोडली: सगळे हक्क, फक्त राजपद वगळून.

या पुस्तीला कायद्याने किती अर्थ होता यावर वाद घालता येतो, कारण पार्लमेंटने मंजूर केलेल्या मूळ कायद्यात ती नव्हती. मार्गारेटच्या मुलाने पुढे गादीवर हक्क सांगितला तो याच फटीतून.

तिचं पहिलं लग्न कितव्या वर्षी झालं?

नीट चालता-बोलता येण्याआधीच तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. वडील जॉन बोफर्ट, सॉमरसेटचे ड्यूक, फ्रान्सची मोहीम फसल्यावर परतले आणि मे 1444 मध्ये, लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या तोंडावर वारले. त्यांनी आत्महत्या केल्याची कुजबुज तेव्हाच होती. मागे राहिली मोठी जहागीर आणि एकुलती एक तान्ही वारसदार.

अशा पोरक्या वारसदाराचं पालकत्व तेव्हा राजाकडे जायचं आणि राजा ते मर्जीतल्या माणसाला बहाल करायचा. पालकाला त्या मुलाच्या जमिनीचं उत्पन्न मिळे आणि लग्न ठरवायचा हक्कही. मार्गारेटचं पालकत्व सफकच्या ड्यूककडे गेलं आणि त्याने आपल्या लहानग्या मुलाशी, जॉन द ला पोलशी, तिचं लग्न लावलं. आई मात्र जिवंत होती आणि मुलगी तिच्याकडेच वाढली.

1453 मध्ये तेव्हाच्या लँकेस्टर राजाला, सहाव्या हेन्रीला, वेगळाच विचार सुचला. हे बाळलग्न रद्द झालं आणि पालकत्व राजाचे सावत्र भाऊ एडमंड आणि जॅस्पर ट्यूडर यांच्याकडे आलं. मार्गारेटने पहिल्या लग्नाला उभ्या आयुष्यात कधी लग्न म्हटलं नाही. म्हातारपणी ती सांगायची की तिने संत निकोलसची प्रार्थना केली, तो स्वप्नात आला आणि 'एडमंडला वर' म्हणाला. दहाएक वर्षांच्या मुलीला निवड करायला कोणी सांगितली असेल, हा प्रश्न बाजूला ठेवू. आपल्या आयुष्यातला हा निर्णय आपणच घेतला असं तिला वाटत होतं, हे मला जास्त बोलकं वाटतं.

तेराव्या वर्षी बाळंतपण झालं, हे खरं आहे का? त्या काळी हे सर्रास चालायचं का?

खरं आहे. 1455 मध्ये एडमंड ट्यूडरशी लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तो तिच्या दुप्पट वयाचा. चर्चच्या नियमाने मुलीला बाराव्या वर्षी लग्न करता येई. पण उमराव घराण्यांतही लग्न लवकर लावून संसार मात्र मुलगी थोडी मोठी झाल्यावर सुरू करायची रीत होती, म्हणजे एडमंडने जे केलं ते त्याच्या काळालाही खटकण्यासारखंच होतं. त्यामागचा हिशेब सरळ होता. पत्नीला जिवंत मूल झालं की तिच्या जमिनीवर नवऱ्याचा तहहयात हक्क पक्का व्हायचा, मग ती आधी मेली तरी. एडमंडला थांबायचं नव्हतं.

तो हक्क उपभोगायला तो उरलाच नाही. वेल्समध्ये यॉर्कच्या माणसांनी त्याला कारमार्दनच्या किल्ल्यात पकडलं आणि नोव्हेंबर 1456 मध्ये प्लेगने तो गेला. सहा-सात महिन्यांची गरोदर मार्गारेट दिराच्या, जॅस्परच्या, आश्रयाला पेम्ब्रोकच्या किल्ल्यात आली. 28 जानेवारी 1457 रोजी, ऐन हिवाळ्यात, तिथे हेन्रीचा जन्म झाला. आई अजून चौदा वर्षांचीही नव्हती.

तिचे कबुलीगुरू (ज्यांच्यापाशी ती पापांची कबुली देई ते धर्मगुरू) बिशप जॉन फिशर यांनी पुढे म्हटलं की ती इतकी लहानखुरी होती की त्या देहातून कोणी जन्माला यावं हाच चमत्कार. त्यानंतर दोन लग्नं होऊनही तिला पुन्हा मूल झालं नाही. पहिल्या बाळंतपणाने शरीराला कायमची इजा झाली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

ती हे विसरली नाही, याला पुरावा आहे. 1498 मध्ये तिच्या नातीचं, धाकट्या मार्गारेटचं, लग्न स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सशी ठरत होतं. नात नऊ वर्षांचीही झाली नव्हती. राजाने स्पेनच्या वकिलाला सांगितलं की माझी आई आणि माझी राणी दोघी याच्या विरोधात आहेत; मुलीला आत्ता पाठवलं तर स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही आणि तिला इजा करील अशी त्यांना भीती वाटते. नातीची पाठवणी झाली ती 1503 मध्ये, तेरा वर्षं पूर्ण झाल्यावर.

मुलगा तिच्यापाशी वाढला का?

फार थोडा काळ. 1461 मध्ये यॉर्कचा चौथा एडवर्ड गादीवर आला आणि पाच वर्षांच्या हेन्रीचं पालकत्व विल्यम हर्बर्टने हजार पौंडांना विकत घेतलं. आईच्या बाबतीत जे झालं तेच मुलाच्याही वाट्याला आलं. हर्बर्टच्या रॅग्लन किल्ल्यात त्याला चांगलं वागवलं गेलं. आई पत्रं पाठवायची, अधूनमधून भेटायची.

1470 मध्ये सहावा हेन्री थोड्या महिन्यांसाठी पुन्हा राजा झाला तेव्हा मायलेक काही आठवडे एकत्र होते. मे 1471 मध्ये ट्यूक्सबरीच्या लढाईत लँकेस्टर पक्षाचा निकाल लागला, सहाव्या हेन्रीचा मुलगा मारला गेला, बोफर्ट घराण्यातले उरलेले पुरुषही संपले. चौदा वर्षांचा हेन्री एकाएकी लँकेस्टरचा शेवटचा दावेदार झाला आणि जॅस्पर काका त्याला घेऊन समुद्रमार्गे ब्रिटनीला पळाला. त्यानंतर मायलेकांची गाठ पडली ती 1485 मध्ये.

तिने इतकी लग्नं का केली?

कारण श्रीमंत विधवेने एकटं राहणं म्हणजे इतरांनी तिचं लग्न ठरवायची वाट बघणं. एडमंड गेल्यावर काही महिन्यांतच ती जॅस्परबरोबर बकिंगहॅमच्या ड्यूकला भेटायला गेली आणि जानेवारी 1458 मध्ये ड्यूकच्या दुसऱ्या मुलाशी, हेन्री स्टॅफर्डशी, तिचं लग्न झालं. हा संसार सुखाचा झाला असं दिसतं. लँकेस्टरकडून लढलेल्या स्टॅफर्डला एडवर्डने माफी दिली आणि दोघं सरेमधल्या वोकिंगच्या वाड्यात राहू लागले. डिसेंबर 1468 मध्ये त्यांनी राजाला गिल्डफर्डजवळच्या शिकारीच्या बंगलीत मेजवानी दिली. त्यासाठी कथलाची ताटं-वाट्या लंडनहून मागवल्या होत्या, ताटात ईल आणि कालवं होती, बाईंनी मखमलीचा नवा पोशाख शिवला होता. ज्या राजाने मुलगा तोडला त्यालाच वाढायचं होतं, आणि तिने हात आखडता घेतला नाही.

1471 मध्ये बार्नेटच्या लढाईत स्टॅफर्ड या वेळी यॉर्कच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि ऑक्टोबरमध्ये वारला. आठ-नऊ महिन्यांनी, जून 1472 मध्ये, तिने लॉर्ड थॉमस स्टॅन्लीशी लग्न केलं. इथे प्रेमाबिमाचा प्रश्न नव्हता. स्टॅन्लीकडे लँकाशर-चेशर भागातलं सैन्य होतं, राजवाड्याचा कारभारी म्हणून दरबारात वजन होतं आणि कुठल्याही लढाईत शेवटपर्यंत कुठल्याच बाजूला न जाण्याची अजोड हातोटी होती. तिला दरबारात दार उघडं हवं होतं, त्याला तिच्या जमिनीचं उत्पन्न हवं होतं. करारात दोन्ही नमूद होतं.

1483 चा कट नक्की काय होता?

एप्रिल 1483 मध्ये चौथा एडवर्ड अचानक वारला. त्याचा बारा वर्षांचा मुलगा पाचवा एडवर्ड राजा व्हायच्या ऐवजी टॉवर ऑफ लंडनमध्ये गेला, धाकटा भाऊही तिथेच आला आणि काका तिसरा रिचर्ड बनून गादीवर बसला. 6 जुलैच्या राज्याभिषेकात नव्या राणीच्या झग्याचा मागचा घोळ हातात धरून चालत होती मार्गारेट. उन्हाळा संपेतो दोन्ही मुलं दिसेनाशी झाली होती.

मुलांची आई एलिझाबेथ वुडव्हिल तेव्हा मुलींना घेऊन वेस्टमिन्स्टर ॲबीत आश्रयाला होती, बाहेर रिचर्डचा पहारा. पण वैद्याला कोण अडवणार? लुईस कार्लियन नावाचा वेल्श वैद्य दोघी बायकांवर उपचार करायचा. त्याच्या तोंडून निरोप जाऊ-येऊ लागले आणि ठरलं की मार्गारेटचा मुलगा आणि एलिझाबेथची थोरली लेक यांचं लग्न लावायचं. दोन्ही शाखा एक होतील आणि रिचर्डला हटवता येईल. मार्गारेटचा कारभारी रेजिनाल्ड ब्रे माणसं आणि पैसा जमवत फिरत होता.

ऑक्टोबरमधला उठाव फसला. पुराने नद्या फुगल्या, कटात सामील झालेला बकिंगहॅमचा ड्यूक (वर आलेल्या ड्यूकचा नातू) अडकला आणि 2 नोव्हेंबरला सॉल्झबरीत त्याचं शिर उडवलं. हेन्रीची जहाजं वादळाने परत फिरली. कार्लियन टॉवरमध्ये डांबला गेला. हा गृहस्थ गणिती आणि ज्योतिर्विदही होता. कैदेत बसून त्याने ग्रहणांची कोष्टकं मांडली. कटाच्या साऱ्या पात्रांत माझा सगळ्यात आवडता हाच.

मग मार्गारेटला फाशी का झाली नाही?

नवऱ्यामुळे. स्टॅन्ली उठावात सामील नव्हता आणि रिचर्डला त्याची गरज होती. जानेवारी 1484 च्या पार्लमेंटने तिला राजद्रोही ठरवलं, तिची मालमत्ता काढून घेतली आणि हयातीपुरती स्टॅन्लीला दिली. बायकोला नोकरचाकरांशिवाय, कोणाशी संपर्क होणार नाही असं ठेवायची जबाबदारीही त्याच्यावर टाकली. तुरुंगाधिकारी म्हणून तो फारच ढिला निघाला. पैसे आणि निरोप समुद्रापार जात राहिले.

बॉसवर्थच्या लढाईत तिचा हात कितपत होता?

रणांगणावर ती नव्हती. हेन्री 7 ऑगस्ट 1485 रोजी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरला आणि 22 तारखेला बॉसवर्थला लढाई झाली. रिचर्डने स्टॅन्लीच्या मुलाला ओलीस ठेवलं होतं, त्यामुळे स्टॅन्ली आपल्या सैन्यासकट बघत उभा राहिला. ऐनवेळी हेन्रीच्या मदतीला घुसला तो त्याचा भाऊ सर विल्यम. रिचर्ड मारला गेला. याच सर विल्यमला दहा वर्षांनी हेन्रीने राजद्रोहाखाली मृत्युदंड दिला.

मार्गारेटच्या प्रार्थनेच्या पोथीत दिनदर्शिकेची पानं आहेत. त्यांत घरच्या महत्त्वाच्या दिवसांच्या नोंदी आहेत: मुलाचा जन्म, त्याचं वेल्समध्ये उतरणं, ही लढाई. ती पोथी आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

हक्क तिच्याकडून आला, तर तीच राणी का झाली नाही?

हेन्रीच्या अंगात लँकेस्टरचं जे रक्त होतं ते आईकडूनच, आणि आई तर जिवंत होती, अवघी बेचाळीस वर्षांची. काटेकोर बघायचं तर दावा तिचाच. पण इंग्लंडमध्ये तोवर स्वतःच्या हक्काने राज्याभिषेक झालेली राणी नव्हती. बाराव्या शतकात माटिल्डाने प्रयत्न केला तेव्हा देश वर्षानुवर्षं यादवीत होरपळला होता. पार्लमेंटनेही हेन्रीचा हक्क कुठून आला याची चिकित्सा टाळली आणि राजपद त्याच्याकडे आहे एवढंच नोंदवलं. तिने स्वतः कधी दावा सांगितला नाही.

टॉवरमधल्या राजपुत्रांना तिनेच मारवलं, असं वाचलं. तथ्य किती?

समकालीन कागदांत तिच्यावर असा आरोप कुठेही नाही. तो पुढे आला सतराव्या शतकात, रिचर्डची बाजू घेणाऱ्यांकडून. मुलं नाहीशी झाल्याचा फायदा तिच्या लेकाला झाला हे खरं, पण फायदा म्हणजे पुरावा नव्हे. मुलं रिचर्डच्या ताब्यातल्या किल्ल्यात होती.

सुनेशी तिचं पटायचं का?

18 जानेवारी 1486 रोजी यॉर्कची एलिझाबेथ सून म्हणून आली. सासूबाई राणीच्या मागे अर्ध्या पावलाचं अंतर ठेवून चालायच्या, आणि अर्धंच. सासू सुनेला दाबून ठेवते, असं स्पॅनिश वकिलाने घरी कळवलं. त्यात काही खरं असावं.

पण दोघींनी मिळून गोष्टी केल्याचेही दाखले आहेत. नातीच्या लग्नाचा वर आलाच. 1498 मध्येच दोघींनी स्पेनला निरोप धाडला की होणाऱ्या सुनेला, राजकन्या कॅथरिनला, फ्रेंच बोलायची सवय लावा, कारण आम्हाला लॅटिन समजत नाही, स्पॅनिश तर नाहीच. शिवाय तिला वाइन प्यायची सवय करा, इथलं पाणी पिण्यासारखं नाही.

'एकटी स्त्री' हा तिला मिळालेला कायदेशीर दर्जा काय होता?

माझ्या मते तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा विजय. इंग्लिश कायद्यात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे की दावा लावता येत नसे. 1485 च्या पार्लमेंटने मार्गारेटला, नवरा हयात असताना, अविवाहित स्त्रीसारखे सर्व हक्क दिले. जमीन घ्यावी, विकावी, कोर्टात जावं, कोणाची सही लागणार नाही. सामान्य इंग्लिश बायकांना असं काही मिळायला 1882 चा कायदा यावा लागला.

तिने या हक्काचा पुरेपूर वापर केला. आता पालकत्वं तिच्याकडे येऊ लागली. शिरच्छेद झालेल्या बकिंगहॅमचा मुलगा तिच्या देखरेखीखाली वाढला. 1499 मध्ये तिने नवऱ्याच्या संमतीने ब्रह्मचर्याची शपथ घेतली आणि नॉर्थॅम्प्टनशरमधल्या कॉलीवेस्टनला स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं. तिथे तिचं मंडळ मिडलंड्स भागातले तंटे सोडवायचं. याच सुमारास सहीतही बदल झाला: नावापुढे 'आर' आलं. रिचमंड (ती रिचमंडची काउंटेस होती) की 'रेजिना', म्हणजे राणी, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मुलाला लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्राची सुरुवात 'माझ्या लाडक्या राजा, माझ्या या जगातल्या साऱ्या आनंदा' अशी आहे. पुढे पत्राचा विषय आहे थकीत वसुली: इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळातल्या एका फ्रेंच सरदाराच्या खंडणीची तिच्या घराण्याला येणं असलेली बाकी, जिच्यासाठी ती अनेक वर्षं फ्रेंच दरबाराच्या मागे लागली होती. हेन्रीचंही एक उत्तर उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की नजर अधू झाली आहे, हे पत्र पुरं करायला तीन दिवस लागले.

ती खरोखर इतकी धार्मिक होती का?

फिशर सांगतात त्याप्रमाणे पहाटे पाचनंतर थोड्याच वेळात उठायची, तासन्‌तास प्रार्थना, आठवड्यातले ठरावीक दिवस अंगाला टोचणारा केसांचा सदरा. घरी बारा गरीब माणसं पोसलेली असत. त्यांचं दुखणंखुपणं ती स्वतः बघे. त्याच घरच्या हिशेबात पैसे लावून पत्ते आणि बुद्धिबळ खेळल्याच्या नोंदीही आहेत.

फिशरांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं आहे: मुलाच्या राज्याभिषेकात ती ढसाढसा रडली. सुखाच्या पाठोपाठ काहीतरी वाईट येणार, ही धास्ती तिला कायम असे. तिने जे पाहिलं होतं ते बघता ही धास्ती निराधार म्हणवत नाही.

केंब्रिजशी तिचा काय संबंध? महाराष्ट्राशी काही?

तिला लॅटिन शिकायला मिळालं नाही, याची हळहळ तिने बोलून दाखवली होती. फ्रेंच मात्र उत्तम यायचं. तिने फ्रेंचवरून भक्तिपर ग्रंथांचं इंग्रजी केलं आणि छापून घेतलं. छपाईच्या नव्या धंद्याला तिचा मोठा आश्रय होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे तिने धर्मशास्त्राची अध्यासनं सुरू केली. 1505 मध्ये गॉड्स हाउस या छोट्या संस्थेचं क्राइस्ट्स कॉलेज केलं. तिथल्या खिडकीतून तिने एका विद्यार्थ्याला शिक्षा होताना पाहिली आणि 'हळू, हळू' असं ओरडली, तेही लॅटिनमध्ये, अशी एक गोष्ट सांगतात. लॅटिनचं वर सांगितलंच आहे. दंतकथा म्हणून गोड मानून घ्यावी.

सेंट जॉन्स कॉलेज तिच्या मृत्यूनंतर, 1511 मध्ये, उभं राहिलं. त्यासाठी ठेवलेल्या जमिनींवर नातवाची, आठव्या हेन्रीची, नजर होती. फिशरांनी चिकाटीने झगडून त्यातलं जमेल तेवढं वाचवलं. याच नातवाने 1535 मध्ये फिशरांचं शिर उडवलं.

आणि महाराष्ट्राचं म्हणाल तर दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी. 1899 मध्ये ते केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि जन्मभर रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखले गेले.

ती कशी वारली?

21 एप्रिल 1509 रोजी मुलगा गेला. सतरा वर्षांच्या नातवाची घडी बसवून देण्यात तिने पुढचे आठवडे घालवले, 24 जूनला त्याचा राज्याभिषेक पाहिला. 28 तारखेला तो अठरा वर्षांचा झाला आणि दुसऱ्या दिवशी आजी वारली.

सगळ्या चित्रांत ती जोगिणीसारखी का दिसते?

आज आपल्याला माहीत असलेली चित्रं तिच्या मृत्यूनंतरची किंवा त्यांच्या नकला आहेत. हनुवटीपर्यंत पांढरं वस्त्र, जोडलेले हात, समोर पोथी हा विधवेचा आणि व्रतस्थ बाईचा पेहराव. वोकिंगची मखमल घातलेली मार्गारेट कोणी रंगवलेली नाही.

तिच्या खुणा आज कुठे बघता येतात?

वेस्टमिन्स्टर ॲबीत सातव्या हेन्रीच्या चॅपलच्या दक्षिणेकडच्या भागात तिची कबर आहे. त्यावरचा सोनेरी मुलामा दिलेला काशाचा पुतळा फ्लॉरेन्सच्या पिएत्रो तोरिजानोने घडवला, लेख इरॅस्मसने लिहिला. जवळ गेलात तर हात बघा. चेहऱ्यापेक्षा त्यांतच जास्त वय दिसतं. केंब्रिजच्या दोन्ही कॉलेजांच्या दरवाजांवर तिची राजचिन्हं आहेत, तीही रस्त्यावरून फुकट दिसतात. पेम्ब्रोकचा किल्ला तिकीट काढून पाहता येतो. आणि बोफर्ट घराण्याचं चिन्ह, किल्ल्याच्या दाराचा साखळ्या लावलेला जाळीदार अडसर, हे आज ब्रिटिश पार्लमेंटचं बोधचिन्ह आहे. 1971 पासून 2008 पर्यंत पाडलेल्या एका पेनीच्या नाण्यावरही तेच होतं.